पॅरिसमध्ये दोन दिवस: वडिलांना चर्चमधला ऑर्गन कुठे ऐकवावा?

पायपेटी_सांगली:
नमस्कार. माझे वडील नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे आइंडहोव्हनला येत आहेत आणि एका शनिवार-रविवारी त्यांना घेऊन पॅरिसला जाण्याचे ठरले आहे. वडिलांनी नोकरी बँकेत केली, पण जवळजवळ चाळीस वर्षे सांगली-मिरजेकडच्या हौशी नाटकमंडळींना नाट्यपदांसाठी ऑर्गनची साथ केली. आमच्या घरात 'ऑर्गन' म्हणजे पायाने भाता मारायची ती उंच पेटी. लहानपणी मी तिच्यासमोर जमिनीवर बसून वडिलांचे पाय आळीपाळीने खालीवर होताना बघत असे आणि गाणे मला आधी पायांतून कळे. ज्या वाद्याचे नाव आपल्या पेटीने घेतले, ते पाइपांचे वाद्य मात्र त्यांनी आजवर कधी प्रत्यक्ष ऐकलेले नाही. ते एकदा ऐकायचे आहे, एवढीच त्यांची इच्छा आहे.

आमच्या मर्यादा आधीच सांगते. आम्ही शनिवारी दुपारी पोहोचू आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत निघू. मुक्काम गार द्यू नोर स्थानकाजवळ आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार जिने नकोत. संगीतावर दोघांचे मिळून वीस युरोंपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. आम्ही ख्रिस्ती नाही, तेव्हा प्रार्थनेच्या वेळी आत बसलेले चालते का, हेही कृपया सांगावे.

टेम्सकाठ:
मी लंडनमध्ये सोळा वर्षे राहतो, म्हणून अधिकाराने सांगतो की चर्चचा ऑर्गन ऐकायचा असेल तर पॅरिस हे पहिले शहर नव्हे. सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर ॲबी या दोन्ही ठिकाणी संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट लागत नाही, गायकवृंद उत्तम असतो आणि प्रार्थना संपल्यावर लोक बाहेर पडत असताना ऑर्गनवादक एक संपूर्ण रचना वाजवतो. ती ऐकायला मी मुद्दाम शेवटपर्यंत बसून राहतो. तुम्ही बेत बदलून इकडे आलात तर मी स्वतः सोबत येईन.

पायपेटी_सांगली:
आपल्या आपुलकीबद्दल आभार. वडिलांकडे शेंगेन व्हिसा आहे आणि ब्रिटनचा नाही, त्यामुळे लंडन या वेळी शक्य नाही.

ट्यूलिप_आणि_पाऊस:
नेदरलँड्समध्ये राहून ऑर्गनसाठी फ्रान्सला जाणे मला पटत नाही. ॲमस्टरडॅमहून गाडीने वीस मिनिटांच्या आत हार्लेम येते आणि तिथल्या सेंट बाव्हो चर्चमध्ये क्रिस्टियान म्यूलरने 1738 मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन आहे. पाच हजारांहून अधिक पाइप आणि जवळजवळ छतापर्यंत गेलेली लाल-सोनेरी चौकट. संगीतकार हँडेल तो वाजवून गेला, आणि 1766 मध्ये दहा वर्षांचा मोझार्टही. आम्ही माझ्या सासूबाईंना नेले होते, तेव्हा त्या चौकटीकडे बघून त्यांना पंढरपूरच्या रथाची आठवण झाली. पॅरिसचा खर्च वाचवा आणि इथे या.

सेनकिनारी:
प्रश्न पॅरिसचा आहे, म्हणून पॅरिसबद्दलच लिहितो. मी इथे अकरा वर्षे आहे आणि बहुतेक रविवारी सकाळी सँ-स्युलपीस चर्चमध्ये जातो. तिथला मोठा ऑर्गन मूळ क्लिको या कारागिराचा, 1781 चा. त्यातले कितीतरी जुने पाइप राखून आरिस्तीद कावाये-कोल याने 1862 मध्ये त्याला आजचे रूप दिले. पाच स्वरपट्ट्या आणि कोणत्या पाइपांचा आवाज निघावा ते निवडायचे शंभराच्या आसपास खुंटे आहेत. पुढच्या दीडशे वर्षांत त्याच्या रचनेत फार थोडे बदल झाले, आणि हीच त्याची खरी श्रीमंती आहे. शार्ल-मारी विदोर तिथे 1870 पासून 1933 च्या अखेरीपर्यंत वादक होते, म्हणजे एका बाकावर चौसष्ट वर्षे. त्यांच्यानंतर मार्सेल द्युप्रे आले ते 1971 पर्यंत राहिले. शंभर वर्षांत दोनच वादक, त्यामुळे वाद्य हाताळण्याची रीत एका हातातून दुसऱ्या हातात नीट गेली.

रविवारी सकाळच्या मुख्य प्रार्थनेनंतर तिथे मोठ्या ऑर्गनचे वादन होते आणि त्याला तिकीट नसते. माझा सल्ला असा की प्रार्थना टाळा, ती संपता संपता आत या आणि मागच्या निम्म्या भागात बसा. ऑर्गन प्रवेशद्वाराच्या वर आहे. वेदीकडे तोंड करून बसले की स्वर पाठीमागून येतो आणि छतावरून फिरून पुढे जातो. अगदी ऑर्गनच्या खाली मात्र बसू नका, तिथे सूर डोक्यावरून निघून जातो. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या आठवड्यात चर्चच्या संकेतस्थळावर बघून घ्या. गार द्यू नोरहून मेट्रोची चार क्रमांकाची गाडी थेट सँ-स्युलपीस स्थानकावर आणून सोडते, पण मेट्रोचे जिने गुडघ्यांना जड जातील. अडतीस क्रमांकाची बस लुक्झेंबुर्ग बागेपर्यंत येते आणि तिथून सपाट रस्त्याने सावकाश चालत येता येते.

दीपमाळ:
नोत्र दामचा उल्लेख कोणीच कसा केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. 15 एप्रिल 2019 च्या आगीत छत कोसळले, पण जवळजवळ आठ हजार पाइपांचा मोठा ऑर्गन जळला नाही. त्यावर शिशाची विषारी धूळ मात्र बसली होती. त्यासाठी तो सगळा उतरवला, पाइप न् पाइप स्वच्छ केला, पुन्हा चढवला, आणि चर्च शांत असे अशा रात्रीच्या वेळी महिनोन्‌महिने बसून सुरात लावला. 7 डिसेंबर 2024 रोजी दरवाजे पुन्हा उघडले तेव्हा आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा नाव घेऊन जागे होण्यास सांगितले आणि दर वेळी ऑर्गनने उत्तर दिले. मी ते घरी पडद्यावर पाहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. याच ऑर्गनवर बसलेले असताना लुई व्हिएर्न हे जवळजवळ अंध असलेले वादक 2 जून 1937 रोजी भर मैफलीत गेले. प्रवेश विनामूल्य आहे. वडिलांना दुसरीकडे कुठेही नेऊ नका.

सेनकिनारी:
नोत्र दाम थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना नोव्हेंबरच्या गारठ्यात त्या रांगेत उभे करायचे असेल तर आधी विनामूल्य आरक्षण करून वेळ घ्या. शिवाय आतली गर्दी सतत फिरत असते, त्यामुळे वाद्य ऐकायला लागणारी शांतता सगळ्या वेळी मिळत नाही.

कोथरूडकर_ल्योंमध्ये:
एक अनुभव सांगतो, म्हणजे इतरांची फसगत होणार नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही पॅरिसच्या रस्त्यावर वाटत असलेले एक पत्रक घेतले. त्यावर चर्चचा आतला भाग, मेणबत्त्या आणि मागे ऑर्गनचे पाइप असे छायाचित्र होते. तिघांचे मिळून शंभरावर युरो मोजले. प्रत्यक्षात मैफल व्हायोलिनांची निघाली. ऑर्गन मागे तसाच बंद उभा होता आणि सगळा वेळ माझे डोळे त्याच्याकडे जात होते. वादकांचे काही चुकले नाही, त्यांनी मनापासून वाजवले. पण माझ्या मुलीने ऑर्गनसाठी म्हणून तो दिवस मागून घेतला होता. तेव्हा तिकीट काढताना छायाचित्र न बघता वाद्याचे नाव वाचा. फ्रेंचमध्ये ते 'ऑर्ग' असे ऐकू येते. मोठ्या ऑर्गनला 'ग्राँ-तोर्ग' म्हणतात.

मात्र चांगल्या गोष्टीला पैसे पडतातच, असे माझे मत आहे. फिलार्मोनीच्या सभागृहात नवा मोठा ऑर्गन आहे, खुर्च्या आरामशीर आहेत, उद्वाहन आहे आणि आत ऊब आहे. वीस युरोंचा हट्ट सोडा. वडील पुन्हा पुन्हा येणार नाहीत.

सूरजुळारी:
मी पुण्यात पेट्या दुरुस्त करतो आणि सुरात लावतो. परदेशी चर्चमध्ये मी गेलेलो नाही, पण आपल्या वडिलांनी काय कान देऊन ऐकावे, ते सांगू शकतो.

आपल्या पेटीत प्रत्येक स्वर पितळी पत्तीतून येतो. बाजाच्या पेटीचा भाता हवा बाहेर लोटतो, तर अमेरिकी धाटणीच्या पायपेटीत तो हवा आत ओढतो आणि म्हणून तिचा आवाज मऊ, गोलसर लागतो. पाइपच्या ऑर्गनमध्ये बहुसंख्य पाइपांना पत्तीच नसते. बासरीच्या फुंकीसारखी हवा पाइपच्या ओठावर आपटते आणि स्वर होतो. उरलेल्या पाइपांत बुडाशी पत्ती असते आणि वर नळी उभी असते, ती जात आपल्या सनईच्या जवळची. वडिलांना सांगा की पाइपांच्या लांबीवरून आठ फुटी म्हणतात तो त्यांच्या पेटीतला नर म्हणजे मधला सूर, सोळा फुटी म्हणजे त्याखालच्या सप्तकातला खर्ज आणि चार फुटी म्हणजे वरच्या सप्तकातली मादी. बत्तीस फुटी पाइपाचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला साधारण सोळा कंपनांचा असतो. तो कानाला स्वर म्हणून फारसा कळत नाही, बसलेल्या बाकातून आणि छातीतून कळतो.

आणखी एक. हार्मोनियम या नावाच्या वाद्याचे एकाधिकारपत्र अलेक्सांद्र दबँ याने 1842 मध्ये पॅरिसमध्येच घेतले. म्हणजे आपले वडील आपल्या पेटीच्या माहेरी जात आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

दीपमाळ:
वरील माहिती छानच आहे. पण पेटी आणि नोत्र दामचा ऑर्गन यांची तुलना होऊ शकत नाही, कारण आठ हजार पाइप कुठे आणि दोन-तीन ओळी पत्त्या कुठे.

हालमधली_सकाळ:
पाइप मोजायचेच असतील तर ले हालजवळच्या सँ-तुस्ताश चर्चमध्येही आठ हजारच आहेत. तो ऑर्गन डच कारागिरांनी, व्हान डेन ह्यूव्हल यांनी 1989 मध्ये उभा केला आहे, तेव्हा हार्लेमच्या पुरस्कर्त्यांनाही आनंद व्हावा. त्याचे वैशिष्ट्य असे की वरच्या सज्जातल्या वादनपीठाखेरीज खाली जमिनीवरही एक विजेवर चालणारे वादनपीठ आहे. वादक तिथे बसला तर त्याचे दोन्ही हात आणि पायांखालची स्वरपट्टी समोरून दिसते. सँ-स्युलपीसमध्ये वादक उंचावर दडलेला असतो आणि खाली बसलेल्याला तो अजिबात दिसत नाही. ज्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली त्यांना हात दिसले पाहिजेत. मी तरी सँ-तुस्ताशच सुचवीन. स्थानकाहून ते जवळही आहे.

सेनकिनारी:
सँ-तुस्ताशचा ऑर्गन जोरकस आहे, पण सँ-स्युलपीसचा आवाज गोल आहे आणि तो जुना आहे. माझ्या मते पहिल्या भेटीत जुनाच ऐकावा.

हालमधली_सकाळ:
जुना म्हणजे चांगला, हे मला मान्य नाही. संगीतकार मेसियाँ ज्या त्रिनिते चर्चमध्ये 1931 पासून 1992 मध्ये निधन होईपर्यंत वाजवत होते, तिथल्या कावाये-कोलच्या ऑर्गनमध्ये त्यांनी स्वतः नवे सूर भरून घेतले आणि त्यातून त्यांचे संगीत घडले.

टेम्सकाठ:
पुढच्या वर्षी वडिलांचा ब्रिटनचा व्हिसा काढा. सेंट पॉल्सचा घुमट ऑर्गनच्या स्वराला जे करतो, ते इतरत्र मिळणार नाही.

निर्मळ_वसई:
मूळ प्रश्नातल्या एका भागाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. मी वसईची, घरात मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबातली आहे. ज्याला वर प्रार्थना म्हटले आहे त्याला आम्ही मिस्सा म्हणतो. मिस्सेला कोणीही येऊन बसू शकते, तिथे धर्म विचारला जात नाही आणि तिकीट नसते. वीस मिनिटे आधी जा, बाजूच्या रांगेतली कडेची जागा घ्या. सगळे उभे राहतील तेव्हा वडिलांना उभे राहणे जमले नाही तर त्यांनी बसून राहावे, त्यात कोणाचा अवमान होत नाही. आमच्या गावातही वयस्कर माणसे बसूनच असतात. लोक ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेने पुढे जातील तेव्हा आपण जागेवरच राहावे. दानाची टोपली फिरेल, तीत काही टाकायचे की नाही हा आपला प्रश्न. भ्रमणध्वनी बंद असावा आणि मिस्सा चालू असताना टाळ्या वाजवू नयेत.

एका गोष्टीत मात्र मी वरील सल्लागारांशी सहमत नाही. मिस्सा टाळून नुसते वादन ऐकायला यावे, असे सांगितले जात आहे. ते वाद्य मिस्सेसाठीच तिथे आहे. धर्मगुरू वेदीकडे चालत येतात तेव्हा किती वाजवायचे, कुठे थांबायचे, गाणाऱ्यांना सूर कधी द्यायचा, हे सगळे वादकाला त्या क्षणी ठरवावे लागते. फ्रान्समध्ये मोठ्या चर्चमध्ये बहुधा दोन ऑर्गन असतात. मोठा दाराच्या वर, आणि लहान वेदीजवळ, गाणाऱ्यांना साथ करण्यासाठी.

सेनकिनारी:
वसईच्या ताईंचे म्हणणे बरोबर आहे आणि मी ते आधी लिहायला हवे होते. सँ-स्युलपीसमध्ये असा लहान ऑर्गन आहे. 1871 पासून काही वर्षे संगीतकार गाब्रियेल फोरे तिथे गायकवृंदाचे काम बघत आणि वर मोठ्या ऑर्गनवर विदोर असत. दोघे दोन ऑर्गनांवर एकाच वेळी उत्स्फूर्त वाजवत आणि अचानक पट्टी बदलून एकमेकांना अडवू पाहत, असे सांगतात. तरीही मोठ्या ऑर्गनसाठी जागा मागेच घ्या. पुढे बसलात तर लहानाचा आवाज जवळून येईल आणि मोठ्याचा भार कमी होईल.

कोथरूडकर_ल्योंमध्ये:
चर्चमध्ये थंडी फार असते, हे मी सांगायचे विसरलो. दगडी फरशीतून गारवा वर येतो. वडिलांना लोकरीचे मोजे घाला आणि बसायला घडी केलेली शाल घ्या. फिलार्मोनीबद्दल पुन्हा विचार करावा.

पायपेटी_सांगली:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळी उत्तरे वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. सूरजुळारी यांचा नर-मादी-खर्जाचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला. ताईंचे उत्तर संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिते: "मी एकट्याने कधी वाजवलेच नाही. मी साथ केली. मला साथ करणारा ऐकायचा आहे."

त्यामुळे आमचे ठरले ते असे. नोत्र दाम बाहेरून बघू, आत रांग लावणार नाही. मैफलीचे तिकीट काढणार नाही. रविवारी सकाळी सँ-स्युलपीसला पूर्ण मिस्सेला बसू आणि मागे न बसता पुढे, वेदीजवळच्या लहान ऑर्गनकडे जमेल तितके जवळ बसू. मोठा ऑर्गन पाठीमागून जेवढा येईल तेवढा येऊ दे, असे वडील म्हणतात. हे जवळजवळ प्रत्येकाच्या सल्ल्याविरुद्ध जाते, हे मला ठाऊक आहे.

दीपमाळ:
पॅरिसला जाऊन नोत्र दामच्या आत न जाणे हे मला अजिबात मान्य नाही. निदान शनिवारी दुपारची आरक्षणाची वेळ बघा.

ट्यूलिप_आणि_पाऊस:
परतल्यावर हार्लेमला या. तिथे उन्हाळ्यात विनामूल्य मैफली असतात.

पायपेटी_सांगली:
काल रात्री परतलो. वृत्तांत थोडक्यात देते, कारण पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

अडतीसची बस सोयीची पडली. मिस्सेच्या अर्धा तास आधी पोहोचलो आणि डावीकडे पुढून तिसऱ्या रांगेत कडेची जागा मिळाली. लोकरीचे मोजे आणि शाल या दोन्हींची गरज लागली. सुरुवातीला मोठा ऑर्गन मागून आला तेव्हा वडिलांनी मान वळवली नाही, फक्त समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात सपाट ठेवला आणि मलाही तसा ठेवायला सांगितला. लाकूड थरथरत होते. सूरजुळारी यांनी लिहिले होते ते तेच.

पुढे एक बाई स्तोत्राची ओळ म्हणत, मग सगळे लोक ती परत म्हणत. लहान ऑर्गन बाईंना हलका सूर देई आणि लोकांच्या वेळी भरून येई. तिसऱ्या कडव्याला बाईंना श्वास अपुरा पडला आणि त्या क्षणभर थांबल्या. ऑर्गनवाला पुढे गेला नाही. त्याने तोच स्वर धरून ठेवला, बाईंनी श्वास घेतला आणि मग दोघे मिळून पुढे निघाले. वडिलांनी माझ्या मनगटावर बोट टेकवले. शालीखाली त्यांचा उजवा पाय भाता मारत होता आणि मिस्सा संपेपर्यंत तो थांबला नाही.

नंतरच्या वादनाला आम्ही बसून राहिलो. ते भव्य होते आणि पुढे बसल्यामुळे त्याचा भार थोडा कमी लागला, यात सेनकिनारी यांचे म्हणणे खरे ठरले. वडिलांनी मात्र बाहेर आल्यावर लहान ऑर्गनबद्दलच विचारले. त्या वादकाला नमस्कार करता आला असता का, असे ते विचारत होते. निर्मळ_वसई, तसे करण्याची पद्धत आहे का?

निर्मळ_वसई:
आहे. मिस्सा संपल्यावर लहान ऑर्गनजवळ थांबावे आणि वादक वह्या आवरून उठले की 'मेर्सी' म्हणून हात जोडावेत. आमच्याकडे पेटीवाल्या काकांशी मी दर रविवारी असेच बोलते.

पायपेटी_सांगली:
वडील फेब्रुवारीपर्यंत इथे आहेत. जानेवारीत पुन्हा जाऊ, त्याच जागी बसू.